जिन गेला तेव्हा

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. नववीच्या वर्गात शिरलो तर शेवटच्या बाकावर तिघी-चौघी मुसमुसत होत्या. विचारले, तर एक म्हणाली, “सर, जिन चला गया.” बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्र शिकलो होतो. जिन गेल्यावर काय करायचे ते त्यात नव्हते. मग उलगडा झाला. जिन हा कोरियातल्या बीटीएस या गायकांच्या चमूतला, आणि तिथल्या कायद्याप्रमाणे तो फौजेत दाखल झाला होता. आम्ही रागावलो. कोण कुठला मुलगा, आणि यांचे डोळे सुजलेले!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांतल्याच एकीने मोबाइलवर एक जुने गाणे ऐकवले. पोराला फौजेत पाठवताना तिथे हेच आठवते म्हणाली. गायक किम क्वांग-सोक. गाण्याच्या नावाचा अर्थ, नव्या शिपायाचे पत्र.

एक शब्द कळत नव्हता. निरोपाचे गाणे म्हणजे आक्रोश, अशी आमची समजूत. आपल्याकडे रुखसतीला बायका गातात ते ऐकून बापाचाही बांध फुटतो. हा माणूस मात्र रडत नाही. शेजारच्या खोलीत कोणी निजले आहे अशा बेताने सुरुवात करतो. साथीला गिटार, तीही जेमतेम. पुढे आवाज छातीतून वर चढतो, जरा खरखरतो, आता फुटणार असे वाटते, आणि तिथेच तो सावरतो. त्या सावरण्यानेच आमच्या घशाशी आले. अर्थ नंतर कळला: उंबऱ्यावर आईवडिलांना वंदन, दोस्त, कापलेले केस, आगगाडी. मोठे दुःख कुठेच नाही.

दक्षिण कोरियात धडधाकट तरुणाला फौज चुकत नाही. १९५३ साली लढाई थांबली, पण शांततेचा तह आजवर झालेला नाही. त्यामुळे हा निरोप घरोघरचा. किम स्वतः जानेवारी १९९६ मध्ये गेला, बत्तिशीही न गाठता. २००० सालच्या ‘जॉइंट सिक्युरिटी एरिया’ या चित्रपटात सरहद्दीवर उत्तरेचा एक शिपाई हेच गाणे कॅसेटवर ऐकतो आणि विचारतो, हा इतक्या लवकर का मेला? दुश्मनाच्या गायकासाठी विचारलेला तो प्रश्न आम्ही दोनदा मागे नेऊन पाहिला.

आमचा धाकटा भाऊ २०२१ मध्ये कतारला गेला. मुंबईच्या विमानतळावर आम्ही सारा वेळ सामानाच्या वजनावरून त्याच्याशी हुज्जत घातली. अम्मीने दिलेली अचाराची बरणी शेवटी आम्हीच बॅगेतून काढली. आत जाताना त्याने वळून पाहिले म्हणे. अम्मी सांगते. आम्ही तेव्हा बरणीचे झाकण घट्ट बसवत होतो.

गाणे ऐकले त्या रात्री त्याला फोन लावला. तो ड्यूटीवर होता.

“क्या हुआ भाईजान? कुछ काम था?”

“नही,” आम्ही म्हटले. “अचार भेजूं क्या?”