भुंग्याला मिशा असतात का?

तुम्ही कधी नीट न बघताच एखाद्याला नाव देऊन मोकळे झालात का? मी झाले होते. चूक पकडली माझ्या आजीने.

मी रायपूरला राहते, कंटेंट रायटर आहे. एकदा भुंग्यावर छोटासा लेख लिहायचा होता. इंटरनेटवर एक काळाभोर, केसाळ, गुबगुबीत फोटो सापडला. खाली लिहिलं, 'फुलांवर रुंजी घालणारा आपला भुंगा'. पाठवण्याआधी सहज आजीला दाखवला. तिने चष्मा सावरला.

"हा कसला भुंगा गं? याला तर मिशा आहेत!"

मी हसले. पण फोटो मोठा केला, तर खरंच तोंडावर राठ केसांचा झुपका! मग शोधाशोध केली. ती चक्क माशी निघाली. इंग्रजीत रॉबर फ्लाय, म्हणजे दरोडेखोर माशी. जगात यांच्या ७,००० हून जास्त जाती आहेत. त्यातल्या हायपरेकिया गटातल्या माश्या हुबेहूब भुंग्यासारख्या दिसतात आणि त्या भारतातही आढळतात.

ही माशी मध गोळा करत नाही, शिकार करते. उडत्या कीटकावर झडप घालते, सोंड खुपसून विषारी लाळ सोडते आणि आतला रस शोषते. तिच्या अळ्या तर लाकडातल्या भुंग्याच्या घरात शिरून त्याचीच पिल्लं खातात. तिला नांगी नसते, पण भुंग्याचं रूप बघून शत्रू लांब राहतात. अशा सोंगाचं कोडं हेन्री बेट्स यांनी १८६२ मध्ये ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून उलगडलं होतं.

ओळखायचं कसं? भुंग्याला चार पंख, माशीला दोन. हिच्या दोन डोळ्यांमध्ये खोलगट भाग असतो. आणि हो, आजीने पाहिलेल्या मिशा! दिसली तर लांबूनच बघा. हातात धरली तर कडकडून चावते.

फोटो बदलला, लेख गेला. पण एक गोष्ट मनाला लागली. आमच्या अंगणातल्या कारल्याच्या मांडवाच्या बांबूत भुंगे राहतात. खाली भुसा पडतो, तो आजी रोज झाडते. म्हणून तिला भुंगा माहीत होता. मी मात्र त्याच मांडवाखालून रोज जाते-येते, मोबाइलमध्ये डोकं घालून.

आता संध्याकाळी दहा मिनिटं आजीशेजारी बसते. भुंगा बांबूवर टेकला की दोघी मिळून पंख मोजतो. अजून चार काही नीट दिसले नाहीत, पण आजी म्हणते, "घाई काय आहे?"