राउटरच्या बुडाचं स्टिकर

नवा वाय-फाय राउटर आणला की खोक्यावरचा क्यूआर कोड आधी ॲप डाउनलोड करायला सांगतो. मग ॲप ईमेल मागतं, लोकेशन मागतं, खातं उघडायला लावतं. घरात इंटरनेट यावं म्हणून आणलेली वस्तू, आणि ती चालू करायलाच आधी इंटरनेट! खरं तर बहुतेक राउटरना यातलं काहीच लागत नाही. सेटिंगचं पान राउटरच्या पोटातच असतं आणि त्याचा पत्ता बुडाच्या स्टिकरवर छापलेला असतो.

दिवाळीत पुण्याहून जळगावला घरी गेलो, तेव्हा जुना राउटर बंद पडला होता. पप्पांनी नवा आणला होता, पण खोकं उघडलं नव्हतं. "केबलवाला पोरगा येईल, तो टाकून देईल पासवर्ड." पोरगा चार दिवसांनी येणार होता. आमच्या कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड त्याच्याच मोबाइलमध्ये. कपाटाची किल्ली पप्पा कुणाच्या हाती देणार नाहीत, आणि ही किल्ली मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या खिशात.

त्याला फोन करून दोन्ही मागून घेतलं. मग पप्पांना म्हटलं, "तुम्हीच करा, मी नुसता शेजारी बसतो."

बाहेरून येणारी वायर 'वॅन' लिहिलेल्या खाचेत. मग मोबाइलवर स्टिकरवरच्या नावाचं वाय-फाय जोडायचं आणि मोबाइल डेटा बंद ठेवायचा, नाहीतर फोन 'इथे नेट नाही' म्हणत परत डेटावर पळतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं आणि लॉगिनचं पान उघडलं. काही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ पासून खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणून तोच आकडा जळगावच्या घरातही चालतो आणि टोकियोच्याही.

कनेक्शनचा प्रकार 'पीपीपीओई' निवडून पप्पांनी युजरनेम टाकलं. आजीने आतून विचारलं, "काय करी ऱ्हायना?"

"कुलूप लावी ऱ्हायनू," पप्पा म्हणाले.

ते बरोबरच होतं, फक्त कुलपं दोन असतात. एक वाय-फायचा पासवर्ड, जो पाहुण्यांना देतो. दुसरा त्या सेटिंगच्या पानाचा, जो कुणालाच द्यायचा नाही. आपण पहिला बदलतो आणि दुसरा 'ॲडमिन' तसाच राहतो. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या मालवेअरने असे कंपनीने घालून दिलेले साठेक युजरनेम-पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यासाठी कुठलंही कुलूप फोडावं लागलं नाही.

पप्पांनी दोन्ही बदलले, सुरक्षेत 'डब्ल्यूपीए२' निवडलं आणि सेव्ह केलं. नेट सुरू झालं. मग मी पिन घेऊन मागचं रिसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरलं. सगळं पुसलं गेलं.

"अरे, हे काय केलंस?"

"आता माझ्याशिवाय करा."

पंचवीस मिनिटं लागली. दोनदा ते वैतागले, एकदा चष्मा शोधला. मी गच्चीवर जाऊन बसलो होतो. खाली आलो तेव्हा गॅसचा ग्राहक क्रमांक जिथे लिहिला आहे, त्याच डायरीत ते पासवर्ड उतरवून घेत होते.

चौथ्या दिवशी पोरगा आला. चहा झाल्यावर त्याने सवयीने विचारलं, "काका, राउटरचा पासवर्ड काय ठेवला?"

"काय बदलायचं ते सांग," पप्पा म्हणाले, "मी बदलतो."