सायकलवरून आबूचा घाट

आबूचा घाट आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांना ठाऊक असतो, तो बसच्या किंवा मोटारीच्या खिडकीतून. आबूरोड स्थानकावर उतरायचे, जीप ठरवायची आणि तासाभरात वर पोहोचून देलवाड्याच्या दर्शनाची वेळ विचारायची, एवढीच त्या रस्त्याची आठवण. डिसेंबरच्या मध्यास आम्ही बावीस जणांनी तो सायकलवरून चढला. पुण्याहून निघालेल्या, सुमारे साडेआठशे किलोमीटरच्या आमच्या यात्रेचा तो शेवटचा आणि दहावा दिवस होता.

पहिल्याच दिवशी बोर घाट उतरल्यानंतर आमच्या पायांना खरा चढ असा भेटलाच नव्हता. वापी, सुरत, भरूच, वडोदरा, अहमदाबाद, मेहसाणा हा सारा रस्ता सपाट. सपाटीवर माणसाला आपल्या ताकदीविषयी उगाच मोठे गैरसमज होतात. पालनपूरहून आबूरोड सुमारे पंचावन्न किलोमीटर आणि तेथून माउंट आबू अठ्ठावीस. त्यातले तळेटीनंतरचे बावीस किलोमीटर म्हणजे घाट. या अंतरात रस्ता सुमारे साडेनऊशे मीटर उंची गाठतो. दर शंभर मीटरला सरासरी चार-साडेचार मीटर. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. मात्र तो सलग बावीस किलोमीटर वसूल केला जातो, मध्ये एक हप्ताही माफ होत नाही.

आमच्यात सर्वांत ज्येष्ठ एक कापडव्यापारी होते. वय एकाहत्तर. सगळे त्यांना भाईसा म्हणत. त्यांचा चौविहार तीस वर्षांचा, सकाळची नवकारशी कधी चुकलेली नाही, कंदमूळ वर्ज्य आणि पाणी फक्त उकळलेले. यात्रेच्या सोबतच्या टेम्पोत त्यांच्यासाठी पाण्याचा स्वतंत्र पिंप होता. महामार्गावरील खाद्यपदार्थांत बटाट्याचे साम्राज्य केवढे आहे, हे मला त्यांच्याबरोबर दहा दिवस काढल्यावर कळले. वडा, समोसा, दाबेली, पावभाजी यांपैकी एकही त्यांच्या उपयोगाचा नाही. तक्रारीचा शब्द मात्र नाही. खाकरा, भाजलेले मूग, गूळ आणि सुकामेवा यांचा डबा त्यांच्या सायकलच्या मागच्या पिशवीत कायम असे.

त्या दिवशी सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होता. म्हणजे नवकारशीला आठ वाजून गेले. पालनपूर आम्ही उजाडण्यापूर्वीच सोडले होते, त्यामुळे भाईसांनी पहिला सव्वा तास निराहार सायकल चालवली. अमीरगढच्या अलीकडे तीन साध्वीजी विहार करताना दिसल्या. आम्ही सायकलवरून उतरून वंदन केले. त्या याच घाटाने वर जाणार होत्या, अनवाणी, दोन विहारांत. आमच्यातील एका तरुणाने आपल्या सायकलच्या गिअरची संख्या त्यानंतर दिवसभर कोणाला सांगितली नाही.

बनास नदी ओलांडून साडेअकराला आबूरोड गाठले. जेवण करून सव्वा वाजता तळेटी सोडली. पहिले तीन-चार किलोमीटर गप्पांत गेले. पुढे गप्पा आपोआप थांबल्या. ताशी पाच-सहा किलोमीटर हा वेग, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाचा. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला ग्रॅनाइटचे काळसर, गोल झिजलेले प्रचंड खडक. कठड्यावर लंगुरांची कुटुंबे. सात घूम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वळणांवर वर पाहिले की आपलेच पुढे गेलेले सोबती डोक्यावरून उलट दिशेला जाताना दिसतात. तिथे मन खचते. मी वर पाहणे सोडून दिले आणि पुढच्या चाकाच्या हातभर पुढे नजर ठेवली.

वाटेत भाईसांच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. पंचवीस मिनिटे गेली. वर दहा किलोमीटर उरल्याचा दगड आला, तेव्हा घड्याळात सव्वाचार झाले होते. सूर्यास्त पाच बावन्नला. ताशी सहा किलोमीटरने दहा किलोमीटरला एक तास चाळीस मिनिटे लागतात; एकदाही न थांबता पोहोचलो असतो तरी पाच पंचावन्न वाजले असते. तीन मिनिटांची तूट! बँकेत अशी तूट दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत सांभाळता येते, पच्चक्खाणात येत नाही.

प्रश्न केवळ जेवणाचा नव्हता. इतका घाम गाळल्यावर पाणी न घेता सूर्य मावळला असता, तर पुढचा घोट सकाळी आठनंतरच. म्हणजे चौदा तास निर्जल. आमच्यातील डॉक्टरांनी टेम्पो थांबवला.

“भाईसा, टेम्पोत बसा. अर्ध्या तासात वर पोहोचाल, भोजनशाळेत व्यवस्थित जेवण होईल.”

“डॉक्टरसाहेब, टेम्पोतच बसायचे होते तर सायकल पुण्याहून कशाला चालवत आणली? पाच वाजेपर्यंत चढू, मग जिथे असू तिथे डबा उघडू.”

डॉक्टरांना हे पटले नाही. भरल्या पोटी चढ चढणे या वयात बरे नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते आणि ते योग्यच होते. शेवटी तडजोड झाली. जेवणानंतरचा पहिला दीड किलोमीटर भाईसांनी सायकल ढकलत चालायचे, टेम्पोने मागून दिवे लावून यायचे आणि छातीत जरा जरी वेगळे वाटले तर एक शब्द न बोलता आत बसायचे. भाईसांनी तिन्ही अटी मान्य केल्या. पक्क्या व्यापाऱ्याप्रमाणे त्यांनी त्या एकदा मोठ्याने परतही म्हणून दाखवल्या.

पाच वाजता साडेपाच किलोमीटर उरले असताना आम्ही कठड्यावर बसलो. आम्ही म्हणजे भाईसा, डॉक्टर, मी आणि दोन तरुण. बाकीचे सूर्यास्त पाहण्यासाठी पुढे गेले होते. आमच्यापैकी कोणाचाही चौविहार नव्हता, तरी सगळ्यांनी तेव्हाच जेवून घेतले. खाकरा, मूग, गूळ, टेम्पोतून आलेली थंड झालेली मुगाची खिचडी. भाईसांनी उकळलेले पाणी सावकाश, घोट-घोट घेत लोटाभर संपवले. मग हात जोडून पच्चक्खाण घेतले. पाच पंचवीस झाले होते. लंगूर दहा फुटांवर शिस्तीने बसून होते. त्यांना काहीही मिळाले नाही.

ठरल्याप्रमाणे भाईसा चालले, मग सायकलवर बसले. शेवटचे तीन किलोमीटर अंधारात, टेम्पोच्या प्रकाशात गेले. सातच्या सुमारास धर्मशाळेच्या फाटकात उतरताना त्यांचे पाय थरथरत होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि काही न बोलता त्यांच्या खोलीत दुसरी चादर पाठवली.

दुसऱ्या दिवशी नवकारशी झाल्यावर आम्ही पूजेच्या वस्त्रांत देलवाड्याला गेलो. यापूर्वी मी तेथे तीनदा गेलो होतो. प्रत्येक वेळी छतावरील कमळे पाहून मान दुखली होती. या वेळी दगडाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. आदल्या दिवशी बावीस किलोमीटर जो खडक पाहिला, तो ग्रॅनाइट. मंदिरे मात्र शुभ्र संगमरवराची. तो अंबाजीजवळच्या आरासूरच्या डोंगरांतून आणला. सोळंकी राजा पहिला भीमदेव याचा मंत्री विमलशहा याने आदिनाथांचे मंदिर उभारले ते इ. स. १०३१ मध्ये, वस्तुपाल-तेजपाल या बंधूंनी लूणिग या दिवंगत भावाच्या स्मरणार्थ नेमिनाथांचे मंदिर उभारले ते १२३० मध्ये. तिघेही पोरवाड कुळातले. त्या काळी डांबरी रस्ता नव्हता. हत्ती होते, बैल होते आणि माणसे होती. कारागिरांना कोरून निघालेल्या भुकटीच्या वजनाइतकी मजुरी दिली, अशी दंतकथा सर्वांना पाठ आहे. ओझे वाहून आणणाऱ्यांची कथा मात्र मी कधी ऐकलेली नाही.

रंगमंडपात सगळे वर पाहत होते. भाईसा एका खांबाशी उभे राहून तो पायथ्यापासून न्याहाळत होते. हळूच म्हणाले, “एवढा एक खांब वर आणायला भाडे काय पडले असेल?”

डॉक्टर, मी, पुजारी, कोणीच काही बोलले नाही. दुपारी गुरुशिखरावर जायचे होते. आणखी पंधरा किलोमीटर, उंची १७२२ मीटर. भाईसा सायकल काढायला गेले, तर मागचे चाक पुन्हा बसलेले. त्यांनी बाह्या वर केल्या आणि पंप मागितला.