दोन गुलाबी

मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी उजव्या डोळ्याचं झालं, डावा अजून बाकी आहे. त्यामुळे सध्या माझ्याकडे दोन गुलाबी आहेत. उपग्रहाच्या धूळ-चित्रात गुलाबीनं दाखवलेली थर वाळवंटावरची धूळ जुन्या डोळ्याला विटकरी दिसते, नव्याला पार जांभळट. कोणत्या गुलाबीवर मी आयुष्यभर धुळीच्या वादळांचे इशारे दिले? आमच्या ज्युनियर मुलीला हा प्रश्न पडत नाही. ती कर्सर ठेवते, १२ आणि १०.८ मायक्रॉनच्या तापमानांतला फरक वाचते आणि म्हणते, "सर, अधिक पॉइंट आठ."

खोटं कशाला बोलू, मला ते झोंबतं. "रंग बघायचा तर सरांनीच," हे ऐकायची चटक लागली होती.

खरी पंचाईत दमट हवेची. धूळ १०.८ला जास्त शोषते, वाफ १२ला. दोघी एकत्र आल्या की फरक शून्याकडे येतो आणि धूळ चित्रातून गायब. २३ जानेवारी २०२२ला पाकिस्तानकडून समुद्रावरून मुंबईवर धूळ आली, तेव्हा हिवाळा होता. तीच जूनमध्ये आली असती तर? रात्री आणखी गोची: वाळवंट निवतं, जमिनीलगतची धूळही तेवढीच गार. वरचा थर जमिनीपेक्षा उबदार असला, तर फरकाचं चिन्हच उलटतं.

इन्सॅट-३डी उपग्रहावर ८.७ मायक्रॉनचा चॅनेल नव्हता. २०१६मध्ये मेटिओसॅट-८ हिंदी महासागरावर सरकला, तेव्हा आपल्या भागासाठी तो मिळाला. उघड्या वाळूतलं क्वार्ट्झ ८.७ला कमी प्रारण सोडतं, म्हणून पडून असलेली वाळू तिथे उगाच थंड भासते. उडालेली धूळ तिच्यावर आली की हा भास ओसरतो. हवामान-मॉडेलवाल्यांना यातलं काही सोसावं लागत नाही. त्यांची धूळ नकाशावर लोणी फासल्यासारखी, कडा नसलेली.

मी फ्रेम थांबवून बघत नाही, पंधरा-पंधरा मिनिटांच्या फ्रेम पळवतो. जमीन जागच्या जागी राहते, धूळ सरकते. मुलीनं तेही आकड्यात बसवलं: आधीच्या निरभ्र दिवसांत त्याच वेळी ती जागा कशी दिसत होती, ते आजच्यातून वजा करायचं. पद्धत झकास आहे. पण २ मे २०१८ला राजस्थान-उत्तर प्रदेशात शंभरावर माणसं गेली, तशा आँधीत धुळीवर गडगडाटी ढगाचं छप्पर असतं आणि अवरक्त किरण त्याखालून येत नाहीत. तिथे तिचा आकडाही आंधळा. हे मी तिला गरजेपेक्षा जास्त वेळा ऐकवतो.