चिंचोक्यांची रांग

आमच्या काठीची राजवाडी होळी तुम्ही पाहिली असेल. रात्रभर ढोल, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या, पहाटे पेटणारी होळी. पण काही स्वमग्न मुलांना हाच ढोल सोसत नाही. मूल कान झाकतं, पळतं. लोक म्हणतात, "हट्टी आहे."

म्हणून आंतरवासितेला आलेल्या डी.एल.एड.च्या छात्राध्यापकांना मी आधी खेळायला बसवतो. मूल चिंचोक्यांची रांग लावत असेल तर ती मोडायची नाही, "किती झाले?" असंही विचारायचं नाही. शेजारी बसून आपली रांग लावायची, बस्स! त्याने आपला एखादा चिंचोका उचलला की समजा, आमंत्रण आलं. कधी यात आठवडा जातो. छात्राध्यापकांना तेच जड जातं. टाचणात रोज निष्पत्ती लिहायची असते ना!

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. परीक्षेपुरतं हे पाठ होतं.

आणि ढोल? वर्गात आणला तर आधी मुलाला तो नुसता चाचपू द्या. मग वाजवायला त्याच्याच हातात द्या. आवाज किती हवा ते तो ठरवेल. होळीच्या रात्री त्याला गर्दीच्या कडेला बसवा, निघायची वाट मोकळी ठेवून.