यंत्राचें दुखणें आणि अनुमान

यंत्र मुकें असतें, असें म्हणण्याची चाल आहे. परंतु ऐकणारा असला तर तें पुष्कळ बोलतें. अडचण एवढीच कीं, तें आपलें दुखणें सांगतें, दुखण्याचें कारण सांगत नाहीं. कारण ज्याचें त्यानें शोधावयाचें असतें. आम्हीं उभा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविला. तेव्हां डिझेल गाडीच्या बिघाडावर आम्हीं लेखणी उचलावी, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. पण गेल्या उन्हाळ्यांत नागपुराबाहेर एका जुन्या डंपरचें जें निदान आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें, तें आम्हांस न्यायशास्त्राचाच एक पाठ वाटला.

निदान करणारा आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा. पदविका घेतल्यावर कचेरींतील खुर्ची सोडून त्यानें डिझेल गाड्या दुरुस्त करण्याचें काम पत्करलें. घरांत कुरकुर झालीच. "एवढा शिकून अखेर मिस्त्रीच झाला," असें आमच्या मातोश्री म्हणत. आणि एक चांगलें स्थळ केवळ त्याच्या काळ्या हातांमुळें परत गेलें.

डंपर होता एका ओळखीच्या गृहस्थांचा. गिट्टीच्या खदानींत कामाला लावण्यासाठीं राहतें घर गहाण ठेवून त्यांनीं तो घेतला होता. एका वेगानें गाडी चालली असतां मिनिटांतून अनेकदां ती हिसके देई, एंजिनाच्या फेऱ्यांचा कांटा शेंदोनशेंनीं वर-खालीं नाचे आणि गिअरपेटीचें तेल तापे. एका मोठ्या दुरुस्तीघरानें सांगितलें कीं, टॉर्क कन्व्हर्टर गेला. पेटी उतरवून तो नवा बसवावा लागेल. खर्च कित्येक लाखांचा. आकडा ऐकून गृहस्थ मटकन् खालीं बसले.

येथें या कन्व्हर्टरची ओळख करून देणें अवश्य आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. कन्व्हर्टरांत वाऱ्याच्या जागीं तेल असतें. एक चाक एंजिन फिरवितें; त्यानें फेंकलेलें तेल दुसऱ्या चाकावर आदळून गिअरपेटीस गति देतें; आणि मधलें तिसरें चाक परतणाऱ्या तेलास योग्य वळण लावतें, म्हणून गाडी उठतांना एंजिनाचा जोर दुपटीच्या आसपास वाढतो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं ही युक्ति जहाजांकरितां काढली. नागपूरकरांस ती अगदींच परकी नाहीं. २०१५ सालीं बंद झालेल्या नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज मार्गावर जीं डिझेल एंजिनें धावत, तींहि आपली शक्ति अशा द्रवाच्याच द्वारें चाकांना पोंचवीत.

मात्र तेलाच्या भरंवशावर फिरणारें चाक नेहमीं थोडें मागें राहतें. गाडी उठतांना हें घसरणें उपकारक. पण वेग आल्यावर त्यांत तेल तापतें आणि डिझेल फुकट जातें. म्हणून आंत लॉक-अप नांवाची एक चकती बसविलेली असते. ठराविक वेग आला कीं तेलाच्या दाबानें ती दोन्ही चाकें एकत्र जखडते आणि घसरणें थांबतें. जुन्यांतील जुन्या गाड्यांत ही जखडण्याची आज्ञा तेलाच्याच झडपा देत. त्यानंतरच्या गाड्यांत ती विजेच्या नियंत्रकाकडून येते. आमच्या गृहस्थांचा डंपर या दुसऱ्या जातीचा होता.

पुतण्यानें हातांत पाना घेण्यापूर्वीं ड्रायव्हरला प्रश्न विचारले. गाडी थंड असतां हिसके येतात कीं तापल्यावरच? चढावर कीं सपाटीवर? रात्रीं कीं दिवसां? उत्तर आलें कीं, थंडींतहि येतात, तापल्यावरहि येतात. आणि रात्रीं दिवे लावले म्हणजे अधिक येतात. शेवटचें उत्तर ऐकतांच त्यानें मान हलविली, पण तोंडानें कांहीं बोलला नाहीं.

मग त्यानें गाडी सपाट जागीं उभी करून, एंजिन मंद चालू ठेवून, गरम तेलाची पातळी पाहिली. ती बरोबर होती. तेल बोटावर घेऊन हुंगलें. त्याला जळका वास नव्हता, धातूचे कणहि दिसले नाहींत. दाबमापक जोडला, आज्ञा येई तेव्हां दाब पुरता चढे, आज्ञा जाई तेव्हां उतरे. पुढें लॉक-अपच्या झडपेकडे जाणाऱ्या तारेस एक लहान दिवा जोडून गाडी चालविली, तों प्रत्येक हिसक्यासरशीं दिवा विझे आणि पेटे. म्हणजे चकती आपण होऊन सुटत नव्हती, ती हुकूम पाळीत होती. सेवक निर्दोष होता. धन्याची आज्ञाच चंचल होती.

आज्ञा चंचल कां, हा पुढील प्रश्न. ब्रेकच्या पायपट्टीखालचें बटण तपासलें, अ‍ॅक्सिलरेटरचा सेन्सर तपासला. दोन्ही ठीक निघालीं. बॅटरीची एक जमिनीची तार मात्र थोडी सैल आढळली. ती आवळून टाक, असें आम्ही सहज म्हणालों. तो म्हणाला, "काका, आतां नको. एका वेळीं एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम केल्या तर गुण कशानें आला, हें कधींच कळणार नाहीं."

मग त्यानें एंजिन बंद करून अल्टरनेटरच्या तारा सोडविल्या, त्यांचीं टोकें झांकलीं आणि केवळ बॅटरीवर गाडी थोडा वेळ चालविली. हिसके नाहींत. तारा पुन्हां जोडल्या. हिसके परत आले. पुन्हां सोडविल्या, पुन्हां नाहींसे झाले. अल्टरनेटर मुळांत उलटसुलट वाहणारी वीज निर्माण करतो आणि त्यांतील डायोड तिला एका दिशेची करतात. एक डायोड निकामी झाला होता. त्यामुळें विजेंत लहरी उठत आणि सेन्सरकडून येणारे संकेत नियंत्रक चुकीचे वाची. दिवे लावले कीं अल्टरनेटरवरील भार वाढे आणि लहरीहि वाढत. डायोडांचा संच बदलला, खर्च कांहीं हजारांचा आला आणि डंपर खदानींत रुजू झाला. सैल तार त्यानें सर्वांत शेवटीं आवळली.

आमच्या शास्त्रांत यालाच अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. कारण असेल तेथें कार्य आढळावें, आणि कारण नसेल तेथें कार्य आढळूं नये. दोन्ही बाजू पडताळल्यावांचून निश्चय करूं नये. दुरुस्तीघराचें अनुमान होतें कीं, हिसके आहेत, तेल तापतें, म्हणून कन्व्हर्टर बिघडला. पण तापणारें तेल हा सव्यभिचार हेतु आहे. साध्य असेल तेथें तो असतो आणि नसेल तेथेंहि असतो. तेल थंड करणारी जाळी तुंबली, भार अतोनात झाला, तरीहि तें तापेलच. कन्व्हर्टर कधीं बिघडतच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. चकती धरतांना गाडी थरथरली, तेलास जळका वास आला, दाब चढेना, तर संशय चकतीवर घ्यावा. गाडी थांबवितांना एंजिनच बंद पडूं लागलें, तर चकती सुटत नाहीं असें समजावें. परंतु प्रत्येक लक्षणाचा दुसरा अर्थ नाहीं ना, हें पाहिल्याशिवाय गिअरपेटीला हात लावूं नये. कारण ती खोलण्याचा खर्च निदान चुकलें तरी मालकालाच भरावा लागतो.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति. गाडी असो वा घरांतील पंप असो, कोणी "खोलावें लागेल" म्हणाला, तर त्यास शांतपणें विचारावें: हें कशावरून ठरविलें, आणि दुसरें कारण कसें वगळलें? चांगल्या कारागिरास या प्रश्नाचा राग येत नाहीं. आणि ज्याच्या घरीं असा तेलकट हातांचा मुलगा असेल, त्यानें त्याच्या हातांकडे न पाहतां तो विचार कसा करतो, इकडे पाहावें. पोथी न उघडतां कित्येकदां तो तिचेंच अध्ययन करीत असतो. आमच्या मातोश्रींस हें सर्व आम्हीं समजावून सांगितलें. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या स्थळाला हेंच सांग." तसें पत्र आम्हीं कालच टाकलें आहे.