बेटावरून येणारी टिंबे आणि रेघा

दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी जगभरातील हौशी रेडिओचालक सलग 48 तास मोर्स संकेतांत संवाद साधतात. ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही ती स्पर्धा. भारतीय वेळेनुसार ती शनिवारी पहाटे 5:30 वाजता सुरू होते. अधिकाधिक देशांतील केंद्रे गाठायची आणि प्रत्येकाला दोनच गोष्टी कळवायच्या: त्याच्या संकेताचा दर्जा आणि आपला विभाग क्रमांक. भारताच्या मुख्य भूमीचा विभाग 22, अंदमान-निकोबारचा 26. ही बेटे भारताचाच भाग असली, तरी हौशी रेडिओच्या गणनेत ती स्वतंत्र धरली जातात. त्यामुळे ‘व्हीयू-4’ने सुरू होणारे संकेतनाम ऐकू आले की शेकडो केंद्रे एकाच वेळी त्याला साद घालू लागतात.

भिलाईतील हुडको वसाहतीपासून पोर्ट ब्लेअर सुमारे 1,600 किलोमीटर दूर आहे. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने या शहरात स्थिरावलेल्या मराठी घरांतील वडीलधाऱ्यांना ‘तार’ हा शब्द आजही आठवतो. तार आली म्हणताच घरात शांतता पसरत असे. भारतातील तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. तारेची भाषा मात्र रेडिओवर जिवंत राहिली, आणि तिच्या टिकण्यामागे केवळ जुन्याची ओढ नाही, भौतिकशास्त्रही आहे.

मानवी आवाज रेडिओवरून पाठवायला सुमारे 2,400 ते 3,000 हर्ट्झ रुंदीची जागा लागते. मोर्स संकेताला 150 ते 200 हर्ट्झ पुरतात. ग्राहकयंत्रात शिरणारा गोंगाट या रुंदीच्या प्रमाणात असतो. म्हणून अरुंद गाळणी लावताच तो दहा पटींहून अधिक घटतो. एलईडी दिवे, चार्जर आणि वीजतारा यांच्या खरखरीने भरलेल्या शहरी वसाहतीत हा फरक निर्णायक ठरतो. जेथे बोलणे विरून जाते, तेथे टिंब आणि रेघ ओळखू येतात.

संकेताची रचनाही काटेकोर असते. टिंब एक मात्रेचे, रेघ तीन मात्रांची, अक्षरांमधील विराम तीन मात्रांचा आणि शब्दांमधील सात मात्रांचा. मिनिटाला 30 शब्दांच्या वेगाने एक टिंब अवघे 40 सहस्रांश सेकंद टिकते. स्पर्धक त्यातूनही वेळ वाचवतात. दर्जा म्हणून ‘599’ पाठवताना 9 या अंकाच्या चार रेघा व एक टिंब टाळून ते ‘एन’ हे अक्षर, म्हणजे एक रेघ व एक टिंब, वापरतात. मुरलेला चालक टिंबे मोजत बसत नाही. तबल्याचा बोल ओळखावा तसा तो अख्खा शब्द लयीवरून ओळखतो.

बेटाला निसर्गाची साथ असते. खारे पाणी साध्या जमिनीच्या तुलनेत विजेचे कितीतरी चांगले वाहक आहे. किनाऱ्यालगत उभ्या अँटेनातून निघालेल्या लहरी त्यामुळे क्षितिजाच्या अगदी जवळून, कमी कोनात दूरवर जातात. पुढचे काम आयनांबराचे. सुमारे 250 ते 400 किलोमीटर उंचीवरील ‘एफ’ थर लहरी वाकवून पुन्हा जमिनीकडे धाडतो. पोर्ट ब्लेअर ते भिलाई हे अंतर एका उडीत पार होते. मात्र वारंवारता योग्य हवी. रात्री 7 मेगाहर्ट्झवर बेट स्पष्ट ऐकू येऊ शकते, तर 28 मेगाहर्ट्झवर त्याच्या लहरी अनेकदा भिलाईच्या डोक्यावरून थेट पुढे निघून जातात. युरोपातील श्रोत्याला बेट मिळते, जवळच्याला नाही.

भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. म्हणूनच 1963 मध्ये थुंबा येथे अग्निबाण तळ उभारला गेला. दिवसा या रेषेवरील आयनद्रव्य वर उचलले जाते आणि चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना घसरते. अंदमान या कारंज्याच्या मुळाशी आहे, तर भिलाई त्याच्या उत्तरेकडील शिखराच्या दिशेला. सूर्यास्तानंतर या थरात विरळ बुडबुडे उठतात आणि संकेत थरथरू लागतात. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीलाही हीच अस्थिरता बाधते. कानाने ऐकलेली ती थरथर म्हणजे संशोधनाचाच विषय असतो.

मात्र हा सारा खटाटोप खेळ म्हणून सोडून द्यावा, असे कुणाला वाटले तर 2004 चा डिसेंबर आठवावा. 1987 नंतर अंदमान हौशी रेडिओवर जवळजवळ मूक होते. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद यांनी दीर्घ पाठपुराव्यानंतर परवानगी मिळवली आणि त्यांचा चमू पोर्ट ब्लेअरला पोहोचला. ‘व्हीयू-4-आरबीआय’ या संकेतनामासाठी जगभरातून झुंबड उडाली. 26 डिसेंबरला सकाळी 6:29 च्या सुमारास सुमात्राजवळ 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यामागोमाग त्सुनामी आली. दूरध्वनी कोलमडले. विक्रमासाठी आणलेली तीच यंत्रे त्या दिवसापासून बेटे आणि मुख्य भूमी यांच्यात निरोप पोहोचवू लागली. हयात असलेल्यांची खुशाली, हवी असलेली मदत. पुढे कार निकोबारहूनही केंद्र चालवले गेले.

त्या संकटात काम मुख्यतः आवाजानेच झाले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तेव्हा उपयोगी पडली ती गोंगाटातून एकच आवाज वेगळा काढण्याची, थोडक्यात बोलण्याची आणि खात्री होईपर्यंत पुन्हा विचारण्याची सवय. स्पर्धेत संकेतनामातील एक अक्षर चुकले तर गुण जातात. आपत्तीत नाव चुकले तर एखाद्या घराला चुकीचा निरोप जातो.

आज परिस्थिती बदलली आहे. हैदराबादला 2007 पासून त्सुनामी इशारा केंद्र कार्यरत आहे आणि 2020 मध्ये चेन्नई-अंदमान समुद्री केबल सुरू झाली. तरीही केबल तुटू शकते, मनोरे पडू शकतात. बॅटरी, तार आणि शिकलेला कान यांची जोडी तेव्हा हाताशी असलेली बरी. 2003 पासून मोर्सची सक्ती करावी की नाही, हे आंतरराष्ट्रीय नियमांनी प्रत्येक देशावर सोपवले आहे. सक्ती गेली तिथेही ते शिकणारे उरले आहेत.

भारतात वयाच्या बाराव्या वर्षापासून परवाना परीक्षेला बसता येते. प्रक्षेपणासाठी परवाना अनिवार्य आहे. तोवर दोन-चार अक्षरांची लय रोज ऐकत गेले, तर येत्या नोव्हेंबरात हुडकोतील एखाद्या विद्यार्थ्यालाही खरखरीतून ‘26’ हा अंक वेगळा काढता येईल.